बासष्टाव्या किलोमीटरवर दोन मिनिटं

बासष्टावा किलोमीटर, रेल्वे फाटक
९ नोव्हेंबर १९९६

युस्तिन्का, पोरी,

तुझं पत्र पोचलं, पण सगळं नाही. मालगाडीच्या गार्डाने चालत्या गाडीतून टाकलं, वाऱ्याने ते ल्याल्काच्या पुढ्यात नेलं आणि त्या मेल्या शेळीने पाकिटाचा एक कोपरा खाल्ला. त्या कोपऱ्यात काही महत्त्वाचं लिहिलं असशील तर पुन्हा लिही.

तर दोनदा बंदुकीआधी सुटलीस आणि तुला मैदानाबाहेर काढलं. आणि म्हणे तुझ्या त्या कोचने, मकारोविचने, सगळ्यांदेखत टोपी आपटली. आपटू दे. टोपी त्याची, डोकं त्याचं. पण तुझं असं का होतं ते त्याला नाही, मला ठाऊक आहे. हसू नकोस.

तुझा पहिला प्रवासच बसल्याशिवाय झाला. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा, एवढं इथल्या कुत्र्यामांजरांनाही कळतं. आणि तू? चौऱ्याऐंशी सालचा ऑगस्ट, चौदा वर्षांची शेंबडी पोर, हातात तुझ्या आईची पेटी, चाललीस कीवच्या खेळाच्या शाळेत. नेमकी त्याच वेळी समोरून दुसरी गाडी येत होती म्हणून मी बावटा घेऊन बाहेर. ड्युटी म्हणजे ड्युटी. तुझी लोकल आली, तू चढलीस, आणि आपलं बसायचं राहिलं ते राहिलंच. पुढे किती वेळा आलीस नि गेलीस, दर वेळी बाकावर धरून बसवलं तुला. पण पहिलं ते पहिलं. बारा वर्षं मला ते खुपतंय.

मेलान्का (तीच, सुट्टीच्या दिवशी माझ्या जागी फाटकावर येते ती जाडी) म्हणते, “ओदार्का, बाकाचा आणि शर्यतीचा काय संबंध?” तिला काय कळतंय! तिचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो.

वाळवलेले जर्दाळू पाठवतेय. एकटी खा, मकारोविचला देऊ नकोस.

तुझी मावशी ओदार्का

•

कीव
१२ जानेवारी १९९७

मावशी,

कोपऱ्यात फक्त “ल्याल्काला माझा नमस्कार” एवढंच होतं. पोचला म्हणायचा.

आपला सात तारखेचा नाताळ वसतिगृहात झाला. गव्हाची खीर आम्ही पाच जणींनी इलेक्ट्रिक शेगडीवर केली आणि खालून लावली. करपलेला वास अजून खोलीत आहे. काल रात्री त्याच वासात झोपले आणि स्वप्नात आपली खोली आली. तू चुलीशी होतीस, खिडकीबाहेर रूळ होते आणि रुळांवर बर्फ नव्हता, दवणा उगवला होता. गाडी यायची होती आणि कुणालाच घाई नव्हती.

आता तुझ्या बाकाबद्दल. हसले नाही मी. खरं सांगू? मकारोविच गेली पाच वर्षं माझ्यावर ओरडतो ते त्याचसाठी. शर्यतीआधी ब्लॉकमध्ये पाय रोवून, बोटं रेषेवर टेकून बसले की मला काहीतरी होतं. मैदान दूर जातं. लोकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. इतकं शांत होतं सगळं, की तिथून उठावंसंच वाटत नाही. बाकीच्या सातजणी बंदुकीसाठी कान टवकारून असतात आणि मी प्रवासाला निघण्यापूर्वी बसतात तशी बसलेली असते. “आजीबाई!” तो ओरडतो, “बसची वाट बघतेस का?” त्याला घाबरून मी दोनदा लवकर उठले, म्हणून बाद झाले. ती चूक पुन्हा करणार नाही. हळू उठेन, पण बसेन नीट. वळणावर सगळ्यांना गाठायला दोनशे मीटर पुरतात.

आता महत्त्वाचं. ऑगस्टमधली परदेशातली मोठी स्पर्धा हीच माझी शेवटची संधी आहे. सत्ताविसावं सरेल मला. यंदा पदक नाही आलं तर पुढच्या वर्षी माझी जागा कुणीतरी अठरा वर्षांची घेईल, आणि ती बरोबरच असेल. तोपर्यंत मला एक दिवसाचीही सुट्टी नाही. पण १४ मार्चला आम्ही सरावासाठी दक्षिणेला समुद्रावर जातो आहोत, जलद गाडीने. सकाळी अकराच्या सुमारास बासष्टावा किलोमीटर येईल. थांबणार नाही, ठाऊक आहे. लोकल बंद झाल्यापासून तिथे काहीच थांबत नाही. मी सातव्या डब्यात, तुझ्या बाजूच्या खिडकीत असेन. तू नेहमीसारखी गुंडाळलेला पिवळा बावटा डाव्या हातात धरून उभी राहा. तीस वर्षं साहेब लोक “उजवा हात, उजवा हात” म्हणून ओरडले, तरी तू डावखुरी ती डावखुरीच.

दोन सेकंद दिसशील. लोकांना दोन सेकंद म्हणजे काहीच नाहीत. मी तेवढ्यात वीस मीटर जाते.

युस्तिना

•

बासष्टावा किलोमीटर
२७ मार्च १९९७

पोरी,

फेब्रुवारीभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. बर्फ पडला, सरळ खिडकीपर्यंत. मग तो वितळला, मग चिखल. पेनातली शाई संपली म्हणून पेन्सिलने लिहितेय, आणि कागद चौकटींचा आहे, कारण मेलान्काच्या नातवाची वही.

पाहिलं गं तुला! लाल मफलर, केस बांधलेले, काचेला हात लावलेला. बारीक झालीस. मकारोविच खायला घालतो की नुसताच ओरडतो? मी ताठ उभी होते, बघितलंस ना? नवीन जाकीट दिलंय आम्हाला, नारिंगी, भोपळ्यासारखं. तुझी गाडी गेली आणि मग बराच वेळ रूळ वाजत होते.

इकडे सगळं ठीक. जर्दाळूला कळ्या धरल्यात. ल्याल्काला दोन करडं झाली, एक पांढरं आणि एक कुठल्याच रंगाचं नाही.

माझी काळजी करायचं काहीच कारण नाही. तू धाव.

मावशी

•

समुद्राकाठून
२० एप्रिल १९९७

मावशी,

पाहिलं तुला. छान उभी होतीस. जराशी भरल्यासारखी वाटलीस अंगाने. बरं वाटलं. कदाचित जाकिटामुळे असेल.

इथे सकाळी धुकं इतकं असतं की समुद्र नुसता ऐकू येतो. आम्ही वाळूवरून धावतो आणि पुढची मुलगी धुक्यात नाहीशी होते, मग तिचे पाय तेवढे ऐकू येतात. कधी कधी मला वाटतं मी आपल्या रुळांच्या कडेनेच धावतेय. आठवतं? सहा-सात वर्षांची असेन. मालगाडीशी शर्यत लावायचे, आणि तू बाहेर येऊन ओरडायचीस, “युस्तिन्का, गाडीला हरवायचं नसतं गं, तिला जाऊ द्यायचं असतं!” मी शेवटच्या डब्यापर्यंत धावायचे. गार्ड मला सूर्यफुलाच्या बिया टाकायचा. तेच माझं पहिलं पदक.

पाय झकास आहेत. काही दुखत नाही.

एक विचारते. विहिरीवरून पाणी हल्ली कोण आणतं? तू स्वतःच ना? आणि रात्रीच्या गाडीला कंदील घेऊन तूच उठतेस ना? उगीच विचारलं. लिही.

युस्तिना

•

१५ जून १९९७

युस्तिना,

काय गं हे? पाणी कोण आणतं, कंदील कोण धरतं! तू पत्र लिहितेस की चौकशी समिती बसवलीस? पाणी विहिरीतून येतं, कंदील खिळ्याला टांगलेला असतो. झालं समाधान?

आता कान देऊन ऐक. मी तुझ्या मागे आजवर कशासाठी लागले? “जेवलीस का, मफलर घातलास का” एवढंच. आज पहिल्यांदाच बजावून सांगते. ऑगस्टच्या आधी इकडे फिरकायचं नाही. कुणी काही सांगितलं, कुणाचं काही पत्र आलं, तरी नाही. तू चार वर्षांची असताना माझ्या बहिणीने तुला माझ्या ओटीत घातलं आणि डोळे मिटले. रूळ, शेळी आणि मी, एवढ्यावर तू वाढलीस. तुला बाहुली घेऊन देणं जमलं नाही मला. तुझं धावणं हीच एक गोष्ट माझ्या खोलीतून बाहेर पडून कुठे तरी पोचलीय. ती अर्ध्या वाटेवर सोडून माझ्यासाठी आलीस तर मी तुला बावट्याच्या काठीने हाणीन, सांगून ठेवते.

सूर्यफुलं कमरेएवढी झालीत. अजून तोंडं उघडली नाहीत. ऑगस्टमध्ये उघडतील, तू धावशील तेव्हा.

मावशी

•

कीव, हाडांचं इस्पितळ
२९ ऑगस्ट १९९७

मावशी,

तुला आत्तापर्यंत कळलंच असेल. दुसरी आले. सेकंदाचे शंभर तुकडे केले तर त्यातल्या दोन तुकड्यांनी पहिला नंबर गेला.

संध्याकाळ होती. सहावा पट्टा. मी ब्लॉकमध्ये बसले आणि तेच झालं, सगळं दूर गेलं. लाल मैदानाऐवजी मला आपलं फाटक दिसलं, आडवा दांडा, बाजूला बाक. बाकावर कुणी नव्हतं. मी तुझी वाट बघत बसले, आणि बंदूक वाजली तेव्हा सगळ्यांत शेवटी उठले. वळणावर पाचवी, मग चौथी. मग पाय माझे राहिलेच नाहीत, कुणीतरी मला नेत होतं आणि कान पूर्ण बंद होते. रेषा गेली. त्यानंतरच्या तिसऱ्या पावलाला घोट्यामागची शीर तुटली. तुला लिहिलं होतं ना, पाय झकास आहेत? वसंतापासून दुखत होता. मी खोटं लिहिलं.

चौथऱ्यावर एका पायावर उभी होते. तिसरी आलेली मुलगी मला कमरेला धरून होती, नाही तर पडले असते. त्या लोकांनी प्रत्येकीला गुलाब दिले. मोजले तर बारा! तिकडे माहीत नाही त्यांना की जोडीची, सम आकड्याची फुलं फक्त मेलेल्यांना वाहतात. मी झटकन एक काढून त्या मुलीला दिलं. तिला वाटलं मैत्री. मैत्री होतीच, पण आधी भीती होती.

आता खरं सांगते, कारण प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या दुसरं काही सुचत नाही. चौदा मार्चला फाटकावर तू नव्हतीस. बावटा उजव्या हातात होता.

दोन सेकंदांत मला सगळं कळलं. तुझं जाकीट, तुझा रुमाल, आणि आत मेलान्का. पुढचं स्टेशन चाळीस मिनिटांवर होतं. गाडी तिथे तीन मिनिटं थांबली. माझी पिशवी हातात होती. मी दाराशी गेले, पायरीवर एक पाय ठेवला. खाली एक बाई उकडलेले बटाटे विकत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि गाडी सुटली आणि मी उतरले नाही. मावशी, मी उतरले नाही. तुला काय झालंय, तू जिवंत तरी आहेस का, हेही माहीत नसताना मी शर्यत निवडली. मग तुझं पेन्सिलचं पत्र आलं तेव्हा समुद्रावर बसून रडले, आणि “भरल्यासारखी वाटलीस” असं लिहिलं.

लोक खिडकीखाली येऊन माझं नाव घेतात. नर्स सही मागतात. पेपरात फोटो आलाय. प्रत्येक वेळी मला ती पायरी आठवते. हे पदक मी तुझ्याकडून चोरलंय असं वाटतं. तू काय ते सांग. रागाव. पण खरं लिही.

युस्तिना

•

जिल्ह्याचं इस्पितळ
११ सप्टेंबर १९९७

माझी पोर,

खरं हवंय? घे मग.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला दांडा उघडताना बर्फावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. दोन तास पडून होते, मग मालगाडीच्या ड्रायव्हरने पाहिलं. तेव्हापासून इथे. मध्ये दोनदा घरी सोडलं, दोनदा परत आणलं. उभी राहत नाही मी आता. फाटक मेलान्काकडे गेलं. खोली मात्र माझ्याकडेच ठेवलीय, एवढी माणुसकी आहे रेल्वेत.

मेलान्काला मीच उभं केलं. जाकीट दिलं, रुमाल बांधून दिला, पोट आत घे म्हटलं. सगळं शिकवलं आणि हाताचं विसरले! तीस वर्षं ज्या हातासाठी बोलणी खाल्ली तोच हात विसरले. आणि ती बया परत येऊन सांगते, “ओदार्का, अगदी नियमाप्रमाणे उभी राहिले हं!”

तर चोरी वगैरे डोक्यातून काढ. तू उतरू नयेस म्हणूनच तो सगळा खटाटोप होता. तू उतरली असतीस तर माझा मोडका खुबा फुकट गेला असता. मी मागितलं तेच तू दिलंस, आणि वर रडतेस? वेडी कुठली.

शर्यत आम्ही सगळ्यांनी पाहिली. आठ नंबरच्या वॉर्डात टीव्ही आहे, चित्र हिरवं येतं. चौदा बायका, दोन डॉक्टर, आणि दारात कांजीची गाडी घेऊन आचारी. बंदूक वाजली आणि तू उठलीच नाहीस! एक म्हातारी म्हणाली, “हिला झोप लागली का?” मी म्हटलं, “गप्प बस, ती नीट बसून निघते.” मग तू वळणावर आलीस आणि चौदा बायका ज्या ओरडल्या! मी उठून उभी राहायला गेले आणि पडले. माझ्या लक्षातच राहिलं नाही. फुलं मीही मोजली. बारा झाल्यावर किंचाळले, “एक काढ! एक काढ!” आणि तू काढलंस. डॉक्टरला वाटलं मला भ्रम झालाय.

तू खरं लिहिलंस, आता माझी पाळी. हे मी कबुलीच्या वेळी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही.

चौऱ्याऐंशी साली त्या दिवशी समोरून दुसरी गाडी येत नव्हती.

कुठलीच नव्हती. पुढची मालगाडी दीड तासाने होती. तू पेटी दाराशी ठेवलीस आणि म्हणालीस, “चल मावशी, बसू या,” आणि बाकावर माझ्यासाठी जागा केलीस. मी त्या बाकाकडे पाहिलं आणि मला कळलं की आत्ता मी हिच्याशेजारी बसले तर हिला उठू देणार नाही. हात धरीन, पेटी उघडीन, कपडे परत खुंटीला टांगीन. म्हणून बावटा उचलला आणि म्हटलं, “गाडी आहे,” आणि बाहेर जाऊन रिकाम्या रुळांना बावटा दाखवत उभी राहिले. तू एकटीच बाकावर बसून राहिलीस, लोकल येईपर्यंत. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

म्हणून ते बारा-तेरा वर्षं खुपतं. रीत मोडली म्हणून नव्हे. मी पळाले म्हणून. घरात धावायची तू एकटीच नाहीस.

आता सांग, कोण कुणाला माफ करणार?

मावशी

ता.क. आपल्या गावच्या पावाच्या दुकानात तुझा मोठा फोटो लावलाय, “आमची युस्तिना”. मेलान्का म्हणते फोटो दुसऱ्याच मुलीचा आहे, ती अडथळ्यांवरून उडी मारतेय.

•

कीव
२० ऑक्टोबर १९९७

मावशी,

तुझं पत्र अकरा वेळा वाचलं. माफीचं नंतर बघू. आधी बातमी.

प्लास्टर निघालं, काठी आली. पोक्रोवाचा सण झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्हाला सरकारच्या मोठ्या दिवाणखान्यात बोलावलं होतं. छताला इतके दिवे होते की खाली कुणाच्याच सावल्या पडत नव्हत्या. माझ्या कोटाला देशाचा बिल्ला लावला, सन्मानाची पदवी दिली, नाव मोठ्याने वाचलं. गंमत सांगू? टाळ्या वाजल्या तेव्हा मला पुन्हा ते पाण्याखालचं वाटलं. सगळे हात हलत होते आणि मला ऐकू येत होती ती एक लांबची मालगाडी. मकारोविच पहिल्या रांगेत टोपी छातीशी धरून रडत होता. ती टोपी आता आपटण्याच्या लायकीचीही उरलेली नाही.

मग चहाच्या वेळी एक मोठे अधिकारी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “युस्तिना, बोल बाई, काय हवं तुला? घर? फोन?” शेजारीच आपल्या जिल्ह्याचे प्रमुख उभे होते, मुद्दाम आलेले. तेही म्हणाले, “शाळेच्या मैदानाला तर तुझं नाव देतोच आहोत. आणखी काय?” (पावाच्या दुकानातल्या फोटोचं मी त्यांना सांगितलं नाही. राहू दे त्या मुलीला तिथे. तीही धावतेच ना.)

मी म्हटलं, “जलद गाडी बासष्टाव्या किलोमीटरवर थांबवा.”

ते हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. “कायमची?” “नाही. एकदा. दक्षिणेला जाताना.” “पण तिथे आहे काय?” मी म्हटलं, “एक बाक आहे.”

जिल्ह्याच्या प्रमुखांना सगळी हकिकत सांगावी लागली. ते कप खाली ठेवून स्वतः रेल्वेच्या साहेबाला बाजूला घेऊन गेले. परत आले आणि म्हणाले, “दोन मिनिटं. त्याहून एक क्षण जास्त नाही.”

९ नोव्हेंबर, सकाळी अकरा. पाय पूर्ण बरा करायला मला समुद्राकाठच्या आरोग्यधामात पाठवताहेत, वसंतापर्यंत. म्हणजे मी राहायला येत नाही, मावशी. उतरणार, बसणार आणि जाणार. तुला जमेल का?

युस्तिना

•

बासष्टावा किलोमीटर
१८ नोव्हेंबर १९९७

युस्तिन्का,

मेलान्काच्या नातवाने मुळाक्षरं पुसून त्याचा फळा मला आणून दिलाय, मांडीवर ठेवून लिहायला. अक्षर बरं आलंय ना?

तुला सगळं दिसलं नसेल, तू खाली मान घालून बसली होतीस, म्हणून मी सांगते.

सकाळपासून धुकं होतं. मला खुर्चीसकट बाहेर आणलं आणि बाकावर ठेवलं, गुडघ्यांवर गोधडी. मेलान्काने बावटा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आज तुझी ड्युटी.” अर्धं गाव जमलं होतं. जिल्ह्याचे प्रमुख नक्षीच्या टॉवेलवर स्वागताचा पाव आणि मीठ घेऊन, खिशात चार पानी भाषण. धुक्यात आधी रूळ वाजायला लागले, मग दिवा, मग ती एवढी मोठी गाडी. तीस वर्षांत मी तिला कधी उभी पाहिली नव्हती. थांबली की ती इतकी शांत असते, मला ठाऊकच नव्हतं.

तू काठी टेकत उतरलीस. कोटावर बिल्ला. प्रमुखांनी पाव पुढे केला, तू तुकडा मोडून मिठाला लावून खाल्लास, आणि त्यांनी चष्मा लावून भाषण काढलं. “आपल्या या पवित्र भूमीच्या...” मी म्हटलं, “साहेब, दोनच मिनिटं आहेत. बसा.” आणि बिचारे बसले, उपड्या बादलीवर.

तू माझ्याशेजारी बसलीस. आणि मग बघ काय झालं. गावकरी बसले, गवतावर, दगडांवर, सायकलींच्या कॅरियरवर. डब्याच्या दारातली तिकीटवाली पायरीवर बसली. खिडक्यांतून डोकी डोकावत होती, ती एकेक करून खाली गेली. कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळी गाडी बसली, युस्तिना. इंजिनावरचा ड्रायव्हरही टोपी काढून बसला. फक्त ल्याल्का ओरडत होती, तिला रीत नाही.

तुझा खांदा माझ्या खांद्याला लागला. तुझा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं होतं, आता म्हातारी झाले, आता नाही होणार. पण तेच झालं गं. अगदी चौऱ्याऐंशीसारखंच. वाटलं, हिचा हात धरावा. खोलीत नेऊन चुलीशी बसवावं. लंगडतेय ती, मीही लंगडी, दोघींचे मिळून दोन पाय, पुरतील. गाडीला म्हणावं, जा तू.

दोन मिनिटं केव्हाच झाली होती. गार्डाने शिट्टी वाजवली. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. पण फाटकवालीने बावटा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि बावटा माझ्या मांडीवर होता. साहेब घड्याळ बघत होते. तू नुसती वाट बघत बसलीस, तुझ्या त्या ब्लॉकमध्ये बसतेस तशी.

मग मी म्हटलं, “ऊठ, पोरी. जा.”

तू आधी उठली नाहीस, मी आधी म्हटलं. हे लक्षात ठेव. मी पळाले नाही या वेळी. तू चढलीस, दारात उभी राहिलीस, मी तुझ्याकडे बघत होते आणि बावटा वर केला. डाव्या हाताने. गाडी पाच मिनिटं थांबली होती. तू आयुष्यभर सेकंदाच्या तुकड्यांसाठी मेलीस, आणि मी बसल्या जागी एका हाताने जलद गाडी अडवली!

परवा रेल्वेचा तपासनीस आला. गाडीला तीन मिनिटं उशीर का झाला, लेखी द्या म्हणाला. मी लिहिलं, “निघण्यापूर्वी बसलो होतो.” त्याने वाचलं, घडी केली आणि खिशात घातली. तोही इथलाच आहे.

वसंतात परत जाताना गाडी थांबणार नाही, मला ठाऊक आहे. मेलान्काला सांगून ठेवलंय, मला बाहेर आणून बसवायचं. सातवा डबा, माझ्या बाजूची खिडकी. दोनच सेकंद दिसशील. पुष्कळ झाले. तूच म्हणतेस ना, तेवढ्यात वीस मीटर होतात.

मावशी ओदार्का